उन्हाळ्यात घरची सोलकढी आणि खानावळीतला अनोळखी मासा: कसं जमवावं

मालवणी खानावळीत बसलं की बहुतेक जण सुरमई नाहीतर पापलेटची थाळी मागवतात आणि सोबतची सोलकढी शेवटी घटाघट पिऊन उठतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, हा क्रम उलटा करा. आधी सोलकढी घरी करून बघा. ताज्या सोलकढीची चव जिभेला ठाऊक झाली की खानावळीत पहिल्या घोटालाच अंदाज येतो, इथला स्वयंपाक आजचा की कालचा. तो अंदाज आला की कधी न खाल्लेला मासा मागवायला धीर होतो.

पहिल्यांदा आगळ आणा. आगळ म्हणजे पिकलेल्या रातांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, मीठ घालून टिकवलेला रस. दुकानात त्याच्याच शेजारी 'अमृत कोकम' असतं, पण तो साखरेचा पाक सरबतासाठी. सोलकढीत तो घालू नका. आगळ मिळालं नाही तर 10-12 आमसुलं अर्धी वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा आणि हाताने चांगली कुस्करून गाळून घ्या.

मग एक मोठा नारळ खवा. खोबरं, 2 लसूण पाकळ्या, एक लहान हिरवी मिरची आणि दीड कप कोमट पाणी मिक्सरमधून काढा. गार पाण्यात खोबऱ्याचं दूध नीट सुटत नाही. पंचातून घट्ट पिळा, चोथ्यावर आणखी कपभर पाणी घालून पुन्हा फिरवा, पुन्हा पिळा. दोन्ही दुधं एकत्र करून आगळ एकेक चमचा घालत, चाखत जा. 3-4 मोठ्या चमच्यांत साधारण जमतं. आगळातच मीठ असतं, म्हणून मीठ सगळ्यात शेवटी. वरून कोथिंबीर. भांडं स्टीलचं, काचेचं किंवा चिनीमातीचं घ्या. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ नको, कोकमाचा आंबटपणा त्यांना लागतो. आणि ही कढी असली तरी गॅसवर चढवायची नाही, दूध फाटेल.

आता सावकाश प्या. आधी नारळाचा गोडवा, मग आंबट, आणि गिळल्यावर घशात लसूण-मिरची. रंग फिकट गुलाबी. थोडा वेळ ठेवल्यावर पाणी खाली आणि साय वर होते, त्यात काही बिघाड नाही. ढवळलं की एकजीव होते. मात्र उन्हाळ्यात ती दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. शिळ्या सोलकढीला खवट वास येतो आणि लसूण उग्र लागतो. हा फरक लक्षात ठेवा, तोच पुढे कामाला येणार आहे.

खानावळीत गेल्यावर जेवणाआधी एक वाटी सोलकढी मागा. भडक गुलाबी असेल किंवा खवट लागली, तर त्या दिवशी अनोळखी काही मागवू नका. चांगली लागली तर वाढणाऱ्या दादांना विचारा, "आज ताजं काय आलंय?" ते जे सांगतील त्यावर जा, मेन्यूकार्डावर नको.

सुरुवात तिसऱ्यांपासून, म्हणजे लहान शिंपल्यांपासून, करावी असं मला वाटतं. एकशिपी मागवा: ओलं खोबरं घातलेलं सुकं, प्रत्येक तिसरीची एकच शिंप ठेवलेली. शिंप हातात धरून मांस आणि मसाला थेट तोंडात घ्या, चमच्याने ते जमत नाही. शिंपल्यांची किंवा खेकड्याची ॲलर्जी असेल त्यांनी मात्र हा सगळा भाग सोडून बोंबील घ्यावेत. बोंबलात पाणी फार, म्हणून ते वजनाखाली दाबून, रव्यात घोळवून तळतात. बाहेरून कुरकुरीत आणि आत अगदी लोण्यासारखे.

काट्यांची भीती असेल तर मोरी, म्हणजे लहान शार्क. तिला मऊ कूर्चा असते, बारीक काटे नसतात. मोरी शिळी झाली की अमोनियाचा झणका येतो आणि तो मसाल्यानेही झाकत नाही, त्यामुळे फसवणूक होणं कठीण.

कुर्ल्या, म्हणजे खेकडे, पुढच्या वेळी, भरपूर वेळ हाताशी असताना. नांग्या फोडायच्या, आतलं मांस ओढून काढायचं, रस्सा वड्याने पुसून घ्यायचा. बारीक पाय वाटून, गाळून रश्श्यात घालतात, चव तिथून येते. कोकणात अमावस्येच्या सुमारास कुर्ल्या मांसाने भरलेल्या मिळतात असं सांगतात. हेही दादांनाच विचारा.

हे सगळं मे संपायच्या आत करा. महाराष्ट्रात साधारण 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारीची बंदी असते. त्या दोन महिन्यांत गेलात तर पापलेट-सुरमई बर्फातली असण्याची शक्यता जास्त. तेव्हा खाडीतलं काय आलंय ते विचारा, नाहीतर सोड्यांची (सुकवलेल्या कोळंबीची) खिचडी किंवा सुक्या जवळ्याची चटणी मागवा.