उथळ खाडीतील धक्क्यासाठी बोट लिफ्ट निवडताना

ठाणे खाडीच्या काठी, ऐरोलीपासून दिवाळ्यापर्यंत, ओहोटीला धक्क्याखाली नुसता चिखल उघडा पडतो आणि तो पाहूनच अनेकजण बोट पाण्याबाहेर उचलून ठेवणाऱ्या लिफ्टचा विचार सोडून देतात. वास्तविक इथे लिफ्टची निवड ओहोटीवर नव्हे, तर भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या कमी उंचीच्या भरतीवर ठरते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी चार मीटरच्या वर जाते (ही भरतीच्या तक्त्यातील उंची, धक्क्याखालची खोली नव्हे). अष्टमीच्या सुमारास मात्र ते सव्वातीन मीटरच्या आसपासच थांबते, आणि त्या पाण्यातही बोट लिफ्टवर चढली-उतरली पाहिजे.

म्हणून अष्टमीच्या भरतीला, पाणी स्थिरावल्यावर, खुणा केलेला बांबू घेऊन नाळेच्या (बोटीच्या पुढच्या टोकाच्या) आणि वरामाच्या (मागच्या टोकाच्या) जागी खोली मोजावी. बांबू गाळाच्या पृष्ठभागाला टेकताच पहिली नोंद घ्यावी. मग तो कठीण तळ लागेपर्यंत दाबून दुसरी घ्यावी, कारण पहिली बोटीच्या उपयोगाची असते आणि दुसरी खांब ठोकणाऱ्याच्या. बोट पाण्यात ४५ सेंटिमीटर बुडत असेल, लिफ्टचा पाळणा ३० सेंटिमीटर जाडीचा असेल आणि तळाशी तेवढीच मोकळीक ठेवायची असेल, तर १०५ सेंटिमीटर पाणी लागते. भांगाच्या भरतीला एवढे पाणी मिळत नसेल, तर महिन्यातून दोनदा काही दिवस बोट जागेवरच अडकेल.

अशा ठिकाणी लहान बोटीसाठी पोकळ प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचा तरंगता तराफा मला अधिक योग्य वाटतो. तो पाण्याबरोबर वरखाली होतो, पाळण्याची जाडी वाचते आणि बोट थेट त्यावर चढवता येते. मात्र त्याला धरून ठेवणारे खांब उधाणाच्या पाण्यापेक्षा पुरेसे उंच हवेत. नाहीतर तराफ्याची कडी खांबाच्या डोक्यावरून निसटेल. जड बोटीला चार खांबांची, तारेच्या दोराने उचलणारी लिफ्ट घ्यावी. एका बाजूने झोका देऊन उचलणारी लिफ्ट संथ तळ्यासाठी ठीक आहे. इतक्या चढउताराच्या खाडीत ती घेऊ नये.

क्षमता ठरवताना केवळ कागदावरचे वजन धरू नये. इंजिन, बॅटरी, नांगर आणि इंधन (१०० लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे ७५ किलो) मिळवून त्यावर पाव हिस्सा अधिक धरावा. लिफ्टवर असताना तळाचे बूच काढून ठेवावे, कारण साचलेल्या पावसाचे शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. सांगाडा जस्ताचा जाड मुलामा दिलेला किंवा सागरी दर्जाच्या ॲल्युमिनियमचा असावा, बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे असावेत आणि मोटर उधाणाच्या पातळीच्या बरीच वर, वीजगळती होताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचसह बसवावी.

विसार देण्यापूर्वी परवानगीचे पाहावे. खांब ठोकणे हे किनारा नियमन क्षेत्रातील बांधकाम आहे, खारफुटीला हात लावता येत नाही, आणि खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. महाराष्ट्र सागरी मंडळाकडे चौकशी करून लेखी उत्तर मिळेपर्यंत खांबांची ऑर्डर थांबवावी.