जोडीनं दागिना घडवताना या चुका टाळा

नाशिकच्या सराफ बाजारातून भांडीबाजारात चालत जायला फार वेळ लागत नाही. तरी चांदीकाम करणाऱ्या मला कामासाठी तांबटाच्या दुकानाची पायरी चढायला बारा वर्षं लागली. त्यानंतर तांबट, येवल्याचे विणकर, बुटीकवाल्या, अशा अनेकांबरोबर कामं केली. त्यातली जी बिघडली, त्यांचं डिझाइन क्वचितच वाईट होतं. समोरच्याच्या कामाचा क्रम काय, हे मी विचारलेलंच नव्हतं.

आधी ठोकलं, मग तापवलं

तांबटकाकांनी ठोकून दिलेल्या तांब्याच्या कड्यांवर मी चांदीची वेल झाळली, म्हणजे डाक वितळवून जोडली. दिसायला सुरेख! आठवडाभरात एक गिऱ्हाईक कडं परत घेऊन आलं, दाबून लंबगोल झालेलं. ठोके खाऊन तांबं कडक होतं आणि चांदीच्या झाळकामाला लागणाऱ्या साधारण 650 ते 750 अंश सेल्सिअसच्या उष्णतेत तो कडकपणा पार निघून जातो. काकांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "ताई, तापवायचं होतं तर आधी सांगायचं ना. मग शेवटचा हात माझा ठेवला असता."

आता आम्ही तसंच करतो. झाळकाम आधी, मग कडं पुन्हा काकांकडे. वेलीच्या आजूबाजूला ठोकलं की ताठपणा परत येतो. ठोकताना धातू पसरतो आणि माप किंचित वाढतं, म्हणून सुरुवातीला कडं थोडं लहानच ठेवायचं. वेल फार नाजूक असेल तर तापवायच्या फंदात पडू नका, रिव्हेट मारा. बिघडलेलं कडंही मोडीत टाकू नका, ते बहुतेकदा सुधारतं.

मीनाकाम करणाऱ्याकडे माल देतानाही हाच विचार हवा. मीना भट्टीत साधारण 750 ते 850 अंशांवर पिकतो. तुमचे जोड त्याआधीच वितळणारे असतील तर दागिना भट्टीतच सुटा होईल. जास्त उष्णता सोसणारी झाळ वापरलीय ना, हे कारागिराला आधी सांगा. स्प्रिंगचा फासा मात्र सगळ्यात शेवटी.

पैठणीचा तुकडा कापून बसवणं

कापलेल्या कडेचे धागे सुटतात आणि गोंद लावला तर रेशमावर डाग उमटतो. मी येवल्याच्या विणकराला छोटा मोर किंवा कमळ चारही बाजूंनी साधी पट्टी सोडून विणायला सांगते. ती पट्टी मागे दुमडली जाते. हे दिवाळीच्या तोंडावर मागू नका. माग तेव्हा साड्यांना लागलेले असतात आणि ताणा (मागावरचे उभे धागे) एकदा चढला की तुमच्या चार बोटांच्या कामासाठी कुणी तो उतरवणार नाही. दागिना साडीवर घालायचा असेल तर जुन्या रेशमी ओढणीवरून दहादा घासून बघा. कुठे धागा अडकला तर तेवढी कड पुन्हा कानस मारून गुळगुळीत करा.

"आपलाच माणूस आहे, वजन कशाला?"

झारेकरी दुकानांपुढची धूळ धुऊन सोनं-चांदी काढतात, त्या व्यवसायात आपण आहोत. प्रत्येक देवाणघेवाणीला काट्यावर वजन, टंच (धातूची शुद्धता), तारीख आणि त्या दिवसाचा भाव लिहा. कामात धातूची घट किती धरायची हेही आधीच ठरवा. वाद झालाच तर दोघांनी मिळून कानसकामाची भुकटी गोळा करून तोला, बराचसा फरक तिथेच सापडतो.

जांगड, पण चिठ्ठी नाही

एका वाइनरीच्या दुकानात मी तीस नग जांगड, म्हणजे विकले तर पैसे नाहीतर माल परत या बोलीवर ठेवले होते, यादी तोंडी. चार महिन्यांनी सहा नग कमी भरले. तिथला कर्मचारी बदलला होता आणि खोटं कुणीच बोलत नव्हतं. नुकसान मी सोसलं. आता प्रत्येक नगाचा फोटो, वजन, किंमत आणि हरवल्यास भरपाई कोणाची, हे चिठ्ठीवर असतं. दर महिन्याला मी स्वतः मोजून येते. जीएसटीच्या नियमानुसार पसंतीवर दिलेला माल 6 महिन्यांत विकला किंवा परत आला नाही तर बिल करावं लागतं, तेही वहीत मांडून ठेवा.

नाव कोणाचं?

नवीन आकार दोघांनी मिळून शोधला असेल तर इन्स्टाग्रामवर टाकण्याआधी नोंदणीचा विचार करा. डिझाइन्स ॲक्ट, 2000 प्रमाणे आधी जाहीर झालेलं डिझाइन नवं धरत नाहीत. नोंदणी 10 वर्षं चालते, पुढे 5 वर्षं वाढवता येते. पारंपरिक मोर-कमळ मात्र कुणाच्याच नावावर होत नाही.

माझ्या पहिल्या कड्यांच्या डबीत फक्त माझं कार्ड होतं. काकांनी ते बघितलं आणि काही न बोलता डबी परत ठेवली. तो क्षण मला अजून टोचतो. त्यानंतर ज्यांनी कडी घेतली होती त्या अकराही जणींना मी दोघांची नावं असलेलं नवं कार्ड पाठवलं. त्यातल्या दोघी पुढच्या महिन्यात थेट काकांच्या दुकानात गेल्या आणि तांब्याचं घंगाळ घेऊन आल्या.