आडनावाचे मूळ कसे शोधावे

'फडणीस' हा शब्द फारसी 'फर्दनवीस'वरून आला, म्हणून फडणीसांचे पूर्वज इराणातून आले असे कोणी म्हणत नाही. इतर आडनावांच्या बाबतीत मात्र ही गफलत सर्रास होते. शब्दाचे मूळ आणि घराण्याचे मूळ हे दोन वेगळे शोध आहेत. आधी माणसे शोधा, शब्दाला शेवटी हात घाला.

सुरुवात घरातल्या वडीलधाऱ्यांपासून करा. मूळ गाव, कुलदैवत, गोत्र किंवा देवक लिहून घ्या. श्राद्धात पिता, पितामह, प्रपितामह अशी तीन नावे घेतली जात असतील, तर तीही टिपा. शिवाय सुतक कोणाकोणाचे पाळता हे विचारा. भाऊबंदांपैकी एखाद्या घराचे आडनाव वेगळे असेल, तर आडनाव मध्येच कधीतरी बदलले आहे आणि पुढचा शोध दोन्ही आडनावांनी करावा लागेल.

मग आडनावाची जात नव्हे, जातकुळी पाहा. 'कर' असलेले आडनाव बहुधा गाव सोडल्यावर चिकटते, कारण गावातल्या गावात गावाचे नाव लावून कोणाची ओळख पटत नाही. म्हणजे आडनावातले गाव आधीचे आणि कागद बहुतेक नंतरच्या गावी. त्यात एका नावाची गावे अनेक: नांदगाव नाशिक जिल्ह्यात आहे, अमरावतीत नांदगाव खंडेश्वर आहे आणि मुरूडजवळही नांदगाव आहे. 'कर'वरून धर्मही ठरत नाही; कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंची किहिमकर, पेणकर अशीच आडनावे आहेत. कुलकर्णी, पाटील, देशपांडे ही वतनाची, म्हणजे वंशपरंपरागत हुद्द्याची नावे. पहिली दोन गावापुरती, तिसरे परगण्याचे, म्हणजे अनेक गावांच्या गटाचे. शेजारच्या दोन गावांतल्या कुलकर्ण्यांचे नाते असेलच असे नाही.

अनेक गावांतून नेमके गाव निवडायला कुलदैवत उपयोगी पडते, पण गोव्यात जपून. केळशीची शांतादुर्गा पोर्तुगीज काळात कवळ्याला हलवली गेली, कुशस्थळीचा मंगेश १५६० च्या दशकात प्रियोळला. देवळाचे आजचे ठिकाण म्हणजे घराण्याचे गाव, असे धरलेत की वाट चुकते.

आता कागद. आजोबा ज्या शाळेत शिकले तिचे दाखल-खारीज रजिस्टर पाहा, मग तहसील कार्यालयात अर्ज करून कोतवाल बुक (गाव नमुना १४, जन्म-मृत्यूच्या नोंदी) आणि जुने फेरफार (गाव नमुना ६, जमिनीच्या हक्कांतील बदलांच्या नोंदी) मागा. इथे बहुतेक जण अडतात, कारण जुन्या नोंदीत आडनावच नसते. 'दामू वलद रामा', 'गोविंद बिन रामजी' एवढेच असते. वलद, बिन म्हणजे मुलगा. कोम म्हणजे बायको. म्हणून नावांची साखळी पाठ असावी आणि जमिनीचा सर्व्हे नंबर हाताशी. नुसती नावे जुळणे पुरेसे नाही. जमीनही तीच असेल, तरच ते आपले पूर्वज.

कागदावरचा सन इसवी सनात बदलून घ्या: शकात ७८ मिळवा (पौषापासून पुढे ७९), फसली या महसुली सनात सुमारे ५९०, मराठेशाहीच्या कागदांतल्या सुहूर सनात ५९९ किंवा ६००. मराठवाड्यात फसली सन आणि उर्दू कागद हमखास भेटतात. इतरत्र मोडी लिपीतले कागद.

त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या नोंदी असतात. उपाध्यायांनी गावे आणि आडनावे आपसांत वाटून घेतलेली असतात, तेव्हा आधी 'आमच्या गावचे उपाध्ये कोण' हे विचारा. पुढे पुण्याचे पुराभिलेखागार, जिथे पेशवे दफ्तर (पेशव्यांच्या कारभाराचे कागद) आहे, आणि १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ. परगणा आणि गाव ठाऊक नसताना तिथे जाऊ नका. कागदांच्या हजारो रुमालांतून (कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांतून) नुसते आडनाव शोधता येत नाही.

सर्वांत जुनी नोंद हाती आली की मग शब्दाची व्युत्पत्ती पाहा. मात्र मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि शब्दही सुटे लिहीत नसत. वेलांटी-उकारावर विसंबून अर्थ लावू नका. तेच आडनाव आणखी दोन कागदांत कसे आले आहे ते ताडून पाहा.