पहिल्या महिला पंतप्रधान आल्या तेव्हा : ठाणे-नवी मुंबईतल्या ज्येष्ठांच्या आठवणी कशा नोंदवाव्यात

इंदिरा गांधी यांनी २४ जानेवारी १९६६ रोजी पंतप्रधानपदाची शपथ घेतली, त्या वेळी बारा-पंधरा वर्षांच्या असलेल्या मुलींनी आज सत्तरी ओलांडली आहे. देशाची सूत्रे प्रथमच एका स्त्रीच्या हाती गेली, तेव्हा नौपाड्यातल्या वाड्यांत, वागळे इस्टेटच्या कामगारांच्या घरांत किंवा बेलापूर पट्टीतल्या आगरी-कोळी गावांत लोक काय बोलले, हे सांगू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. आपल्या घरातल्या, सोसायटीतल्या किंवा ज्येष्ठ नागरिक संघातल्या मंडळींच्या त्या आठवणी ज्यांना ध्वनिमुद्रित करायच्या आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. हे काम या वर्षीच हाती घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

यातली सर्वांत मोठी अडचण अशी, की पुढे जे घडले त्याने पहिली प्रतिक्रिया झाकून टाकली आहे. १९७१ चे युद्ध, १९७५ ची आणीबाणी आणि ३१ ऑक्टोबर १९८४ ची हत्या या तिन्हींचे थर त्या जानेवारीवर बसलेले आहेत. ‘इंदिराबाई पंतप्रधान झाल्या तेव्हा तुम्हाला काय वाटले?’ असे थेट विचारले, तर मिळणारे उत्तर बहुधा १९७१ चे किंवा १९७५ चे असते. म्हणून मत विचारू नये, दिवस विचारावा. बातमी कुठे कळली, त्या वेळी घरात कोण होते, आधी कोण बोलले, रेडिओ कोणाच्या घरी होता आणि तो ऐकायला बायका आत बसत की दारात उभ्या राहत, असे विचारत गेले की मते आपोआप बाहेर येतात आणि ती बरीचशी त्या काळची असतात.

मुलाखतीपूर्वी तारखा पक्क्या करून घ्याव्यात. लालबहादूर शास्त्री यांचे ११ जानेवारीला ताश्कंदमध्ये निधन झाले आणि गुलझारीलाल नंदा यांच्याकडे हंगामी पंतप्रधानपद आले. १९ जानेवारीला काँग्रेस संसदीय पक्षाच्या नेतेपदासाठी मतदान झाले आणि इंदिरा गांधी यांनी मोरारजी देसाई यांचा ३५५ विरुद्ध १६९ मतांनी पराभव केला. शपथविधीचा दिवस सोमवार होता. अन्नटंचाईमुळे शास्त्रीजींनी सोमवारी एक वेळ न जेवण्याचे आवाहन केले होते आणि अनेक घरांनी ते पाळले होते, त्यामुळे ‘तुमच्याकडे सोमवार पाळत होते का?’ हा प्रश्न त्या दिवसांच्या स्वयंपाकघरात नेणारा ठरतो. त्याच २४ जानेवारीला एअर इंडियाचे विमान माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले आणि होमी भाभा मृत्युमुखी पडले. समजा, एखाद्या आजी म्हणाल्या, ‘त्या दिवशी सगळे हळहळत होते,’ तर ती हळहळ शास्त्रीजींसाठी होती, भाभांसाठी होती, की ‘आता बाईमाणसाच्या हाती देश’ या काळजीची होती, हे हळुवारपणे वेगळे करून विचारावे.

महाराष्ट्रात तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. मोरारजी हे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील गोळीबारांच्या वेळचे मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते आणि १९६६ मध्ये त्या घटनेला जेमतेम दहा वर्षे झाली होती. उलट इंदिरा गांधी काँग्रेसच्या अध्यक्ष असताना मराठी-गुजराती द्विभाषिक राज्याच्या विभाजनाला अनुकूल झाल्या होत्या. यशवंतराव चव्हाण त्या वेळी दिल्लीत संरक्षणमंत्री होते, त्यामुळे मराठी घरांचे लक्ष त्यांच्याकडेही होते. अशा स्थितीत ठाण्यातल्या एखाद्या घरी १९ जानेवारीला पेढे वाटले गेले असतील, तर ते बाई जिंकली म्हणून की मोरारजी हरले म्हणून, हे विचारल्याशिवाय ती आठवण ‘स्त्री-नेतृत्वाचे स्वागत’ या मथळ्याखाली टाकू नये. दोन्ही कारणे एकत्र असू शकतात, आणि तसे असेल तर तसेच लिहावे.

शक्य असेल तर बायकांशी एकट्याने बोलावे. मुलगा किंवा यजमान समोर असले की राजकारणाचे उत्तर ते देतात आणि आजी ‘आम्हाला काय कळतंय त्यातलं’ म्हणून गप्प होतात. त्या वाक्यावर मुलाखत थांबवू नये. शाळेत बाईंनी काही सांगितले का, वडिलांनी मुलीच्या शिक्षणाचा विषय त्या निमित्ताने काढला का, आळीत कोणी टिंगल केली का, नेहरूंची मुलगी म्हणून त्यांना पद मिळाले असे कोणी म्हटले का, असे छोटे प्रश्न विचारावेत. सिलोनमध्ये सिरिमाओ बंदरनायके १९६० मध्येच जगातल्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या होत्या, हे घरात कोणाला ठाऊक होते का, हेही विचारण्याजोगे आहे.

नवी मुंबईत प्रश्नांची मांडणी बदलावी लागते. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापनाच मार्च १९७० ची, त्यामुळे वाशी-नेरुळच्या सोसायट्यांत राहणाऱ्या बहुतेक ज्येष्ठांचा १९६६ चा गाव सातारा, जळगाव किंवा गिरगाव असा दुसराच असतो आणि तो आधी विचारून घ्यावा. घणसोली, करावे किंवा दिवाळे इथल्या मूळच्या कुटुंबांकडे मात्र भातशेती आणि मासेमारीच्या दिवसांतल्या आठवणी मिळतील. तिथे वाशीचा खाडीपूल अजून झालेला नव्हता, म्हणून बातमी कोणत्या वाटेने आली याला स्वतंत्र महत्त्व आहे. आजींची बोली प्रमाण मराठीत बदलू नये.

पडताळणी करताना कोणाला खोटे पाडू नये. एखाद्या काकांनी शपथविधी टीव्हीवर पाहिल्याचे सांगितले, तर मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले हे आपल्या टिपणात लिहावे, त्यांना तोंडावर ऐकवू नये. समाजवादी नेते राममनोहर लोहियांच्या नावावर सांगितला जाणारा, इंदिराबाईंना उद्देशून केलेला ‘गूँगी गुड़िया’ (मुकी बाहुली) हा शेराही पुष्कळ जण स्वतःच्या कानाने ऐकल्यासारखा सांगतात, तेव्हा तो कुठे ऐकला किंवा वाचला हे विचारून घ्यावे. ‘मराठा’, ‘लोकसत्ता’, ‘महाराष्ट्र टाइम्स’ यांपैकी घरी काय येत असे ते कळले, की २० आणि २५ जानेवारीचे अंक कुठे पाहता येतील याची चौकशी ग्रंथालयात करता येते. ठाण्यात त्याची सुरुवात १८९३ पासून चालत आलेल्या मराठी ग्रंथ संग्रहालयातून करावी. अंक मिळाला तर त्याची प्रत दुसऱ्या बैठकीला सोबत न्यावी, पहिल्या बैठकीला नेऊ नये, कारण छापील मथळा समोर आला की आठवण त्याच्या मागे चालू लागते.

लेखन पूर्ण झाल्यावर ते संबंधित व्यक्तीला सावकाश वाचून दाखवावे. शेजाऱ्याचे किंवा सासरच्या माणसाचे नाव गाळायला सांगितले तर ते गाळावे, मुलाखतीची तारीख, ठिकाण आणि त्या व्यक्तीचे १९६६ मधील वय वर लिहावे, आणि ध्वनिमुद्रण कोणाला ऐकवायला हरकत नाही याची संमती तिच्याच शब्दांत, त्याच मुद्रणाच्या शेवटी घेऊन ठेवावी.