खांब काढण्याआधी थांबा: विज्ञानाचं सिम्युलेशन वर्गात कसं वापरावं

‘प्रोजेक्टर लावा, सिम्युलेशन दाखवा, संकल्पना आपोआप स्पष्ट होते.’ शिक्षकांच्या प्रशिक्षणात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकलं की चहाला उठते. सिम्युलेशन म्हणजे पडद्यावर वस्तू हलवून करून बघायचा प्रयोग. आपोआप काही होत नाही. मुलं टाळ्या वाजवतात, ‘बाई, परत परत’ म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट फळ्यावर काढून विचारली की एकमेकांची तोंडं बघतात. मीही पहिली दोन वर्षं असाच तमाशा केला. म्हणून हा लेख.

उदाहरण एकच घेते, सहावीत ‘साधी यंत्रे’ शिकवताना लागणारी तरफ. सिम्युलेशन ‘फेट’चं. अमेरिकेत बोल्डरच्या कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते कार्ल वाइमन यांनी २००२ साली हा प्रकल्प सुरू केला. सगळं फुकट आहे. त्यातलं ‘बॅलन्सिंग ॲक्ट’ म्हणजे सी-सॉसारखी एक लांब फळी, मधे टेकू, बाजूला विटा. विटा उचलायच्या, फळीवर ठेवायच्या.

फाइल आधी घरून उतरवून घ्या. हे सिम्युलेशन म्हणजे एकच एचटीएमएल फाइल आहे, पेन ड्राइव्हवर घ्या, क्रोममध्ये उघडा, नेट लागत नाही. वर्गात नेट येईल या भरवशावर जाणाऱ्यांना मी काही सांगत नाही, त्यांना शाळाच शिकवेल. जुन्या मार्गदर्शिकांत ‘फ्लॅश प्लेअर टाका’ लिहिलेलं दिसलं तर ते पान उलटा. फ्लॅश २०२० च्या अखेरीस बंद पडलं. काही सिम्युलेशन मराठीतही आहेत, पण या फळीत वाचण्यासारखं फारसं नाहीच, इंग्रजी असलं तरी मुलांचं अडत नाही.

आठ-दहा मिनिटं मुलांना मोकळं खेळू द्या. सूचना देऊ नका. टॅब असतील तर तिघांत एक, नुसता टीव्ही असेल तर एकेकाला माउसपाशी बोलवा. कोणी माणसाला फळीच्या टोकावर उभं करेल, कोणी कचऱ्याचा डबा चढवेल. करू द्या. ही हौस आधी फिटली नाही तर पुढे प्रत्येक प्रश्नाच्या मधे ती डोकं वर काढते.

आता खरं काम. इथेच मी दोन वर्षं आपटले.

या सिम्युलेशनमध्ये फळीच्या दोन्ही बाजूंखाली खांब असतात. खांब आहेत तोवर वर काहीही ठेवा, फळी हलत नाही. खाली एक बटण आहे. ते सरकवलं की खांब निघतात आणि फळी झुकते किंवा आडवीच राहते. ज्यानं कुणी हे बनवलं त्याला वर्ग माहीत होता, असं मला नेहमी वाटतं. विटा ठेवल्या आहेत, खांब अजून काढलेले नाहीत, या दोन गोष्टींच्या मधली पाच मिनिटं म्हणजे सगळा तास. बाकीचं आधी आणि नंतरचं.

मी काय करायचे? विटा ठेवायच्या, ‘सांगा, काय होईल?’ विचारायचं, आणि अख्खा वर्ग सुरात ओरडायचा, ‘डावी खाली!’ मी खांब काढायचे, डावी खाली जायची, सगळे खूश. हा आवाज वर्गाचा नसतो. पहिल्या बाकावरची एक हुशार मुलगी अर्धा सेकंद आधी बोलते आणि बाकीचे तिच्या मागोमाग तोंड उघडतात. प्रत्येकाला मात्र वाटतं की उत्तर आपणच दिलं. म्हणून सुरात उत्तर घ्यायचं बंद करा. अगदी बंद. ‘कोण सांगेल?’ हेही नको, तिथेही तेच चार हात वर येतात.

त्याऐवजी असं करा. विटा ठेवून झाल्या की बोलणं बंद. प्रत्येकानं वहीत फळीचं चित्र काढायचं, डावी खाली, उजवी खाली की आडवी, ते दाखवायचं आणि खाली एक ओळ लिहायची, ‘कारण…’. पेनानं. पेन्सिलीनं लिहू दिलंत तर खांब निघाल्याबरोबर खोडरबर चालतात आणि सगळ्यांचा अंदाज बरोबर निघतो. हे मी स्वतः पाहिलंय, आणि त्यात लबाडीपेक्षा लाजच जास्त असते. म्हणून आधीच सांगून ठेवा की चुकीचा अंदाज खोडायचा नाही, त्याला मार्क कापत नाही, शेजारी दुसऱ्या रंगात लिहा.

लिहून झालं की मतदान. माझ्या वर्गात तीन वाट्या आणि चिंचोके आहेत. एकेकानं येऊन आपला चिंचोका टाकायचा, दुसऱ्याचं बघायला वेळ मिळत नाही. हात वर करून घेतलेलं मतदान म्हणजे पुन्हा सुरातलं उत्तरच. चिंचोके मोजून फळ्यावर आकडे लिहा आणि चेहरा कोरा ठेवा. हे शेवटचं सगळ्यात अवघड. तुमची भुवई जरा जरी हलली तरी मुलं वाचतात, त्यांचा सगळा अभ्यास तुमच्या चेहऱ्याचाच झालेला असतो.

मग कमी मतं पडलेल्या वाटीतल्यांना आधी बोलवा. ‘असं का वाटलं?’ एवढंच विचारा. दोन-तीन जणांनी बोलू द्या, वाद झाला तर होऊ द्या. कुणाला मत बदलायचं असेल तर चिंचोका उचलून दुसऱ्या वाटीत टाकू द्या, पण वहीतलं पहिलं तसंच राहील. एकदा ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला एक मुलगा म्हणाला, ‘बाई, गाडीत मागं जास्त ऊस भरला की गाडी उलळते, बैल वर उचलले जातात. तसंच हे.’ मी तरफेवर पंधरा मिनिटं बोलले असते तरी एवढं नीट सांगता आलं नसतं. तो मुलगा त्याआधी विज्ञानाच्या तासाला फारसा बोलतच नसे.

यानंतर खांब काढा. दहा सेकंद. काही बोलू नका.

आता दुसरी चूक, जी मला आणखी उशिरा कळली: कोणता प्रश्न विचारता यावर सगळं ठरतं. फळीवर टेकूच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर खुणा असतात, त्या टेकूपासून मोजायच्या. त्या दिसतील असं ठेवा. वस्तूंचे बलाचे बाण दाखवणारी चौकट मात्र बंद ठेवा, ती उत्तर फोडते. एक ते चार विटांचे ढीग मिळतात, एक वीट पाच किलोची.

सुरुवात दोन्हीकडे एकेक वीट, सारख्या खुणेवर. सगळ्यांचं बरोबर येतं, धीर येतो. मग डावीकडे दोन विटा चौथ्या खुणेवर, उजवीकडे एक वीट आठव्या खुणेवर. इथे बरेच जण ‘डावी खाली’ म्हणतात, कारण जड ते खाली हे डोक्यात पक्कं. खांब काढले की फळी आडवी राहते आणि वर्गात खरी शांतता पसरते. पण इथे थांबू नका. या एका अनुभवावरून निम्मी मुलं ‘लांब ते जिंकतं’ असा नवाच नियम करून बसतात. लगेच उजवीकडची वीट आठवरून सहाव्या खुणेवर आणा आणि पुन्हा वही, पुन्हा चिंचोके. डावी खाली जाते. नवा नियमही मोडला.

मुद्दा इथे आहे. मी काही वर्षं यानंतर असा प्रश्न ठेवायचे: तीन विटा दुसऱ्या खुणेवर, दोन विटा तिसऱ्या खुणेवर. जवळजवळ सगळा वर्ग ‘आडवी’ म्हणायचा, फळी आडवी राहायची, आणि मी समाधानानं पुढे जायचे. एका वर्षी वह्या घरी नेल्या आणि ‘कारण’ वाचलं. ‘एक वीट कमी, म्हणून एक खूण लांब.’ ‘तीन आणि दोन पाच, दोन आणि तीन पाच.’ मुलं बेरीज करत होती! माझ्या प्रश्नात बेरीज केली तरी उत्तर बरोबर येत होतं, कारण बेरीज दोन्हीकडे पाच, आणि तरफेचा खरा नियम, म्हणजे विटा गुणिले खूण, तोही दोन्हीकडे सहाच. चुकीच्या वाटेनं सगळे बरोबर ठिकाणी पोचत होते आणि मला पत्ता नव्हता.

ही काही माझ्याच वर्गाची गोष्ट नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सीग्लर यांनी १९७६ साली तराजूवर मुलांचे हेच टप्पे मांडले होते: आधी फक्त वजन, मग वजनाच्या जोडीला अंतराचं भान, पण दोन्हींचा मेळ कसा घालायचा ते ठाऊक नाही, आणि सगळ्यात शेवटी गुणाकार. म्हणून आता माझा पक्का प्रश्न वेगळा आहे. डावीकडे दोन विटा चौथ्या खुणेवर, उजवीकडे एक वीट पाचव्या खुणेवर. बेरीज करणारा म्हणतो सहा-सहा, आडवी. फळी धाडकन डावीकडे जाते. गुणाकार करायला तुम्ही सांगू नका. विचारा, ‘मग ती एक वीट कुठे ठेवू?’ कोणी सात म्हणेल, कोणी सहा. मागच्या पानावर आठव्या खुणेवर आडवी राहिली होती, ते कुणालातरी आठवतं. दोन चोक आठ, हे त्यानं सांगितलं की बाकीचे वही उलटून मागचे सगळे प्रश्न पुन्हा तपासतात. हे बघायला मिळतं म्हणून मी अजून हा तास घेते.

एका तासात चार प्रश्न पुरे. पाचवा घेतलात की मुलं अंदाज लिहायला कंटाळतात आणि पुन्हा ओरडायला लागतात. सिम्युलेशनमध्येच एक ‘गेम’चं पान आहे, चार पातळ्यांचं, ते दुसऱ्या दिवशी. पहिल्याच दिवशी गेम उघडलात तर तास संपला समजा, गुण मोजण्यापलीकडे कुणी काही बघणार नाही. वजन न सांगितलेल्या गूढ वस्तूही आहेत. त्यांचं वजन विटांवरून काढायला द्या. ज्याला तरफ कळली त्याला दोन मिनिटं लागतात, ज्याला नाही तो वस्तू सारखी सरकवत बसतो. याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही.

लाईट गेली तर चिंता नको, वह्यांतले अंदाज तसेच ठेवा. उत्सुकता रात्रभर टिकते, उलट वाढते.

शेवटी खरी फळी हवीच. पडद्यावरची फळी आज्ञाधारक असते, जगातली नसते, हे मुलांना दिसायलाच हवं. तीस सेंटीमीटरची लाकडी फूटपट्टी, टेकूला षटकोनी पेन्सिल (गोल पेन्सिल घरंगळते आणि मुलांचा अर्धा तास ती पकडण्यात जातो), चिकटपट्टीनं बाकाला पक्की केलेली. फूटपट्टीचा मध्य पंधरावरच असेल असं धरू नका. आधी रिकामी पट्टी तोलून बघा आणि तिथे रेघ मारा. पेन्सिलीवर पट्टी पडद्यासारखी स्थिर आडवी राहत नाही, जराशा धक्क्यानंही इकडे-तिकडे कलते. बोटानं दोन्ही बाजू हलकेच दाबून बघायची, सारखाच जोर लागला तर तोल. हे आधी सांगितलं नाही तर सगळा वर्ग ‘जमत नाही’ म्हणून उठतो.

विटांऐवजी रुपयाची नाणी. पहिल्या वर्षी मी मुलांना घरून आणायला सांगितली. एका गटाचं काही केल्या जुळेना. दोन नाणी चौथ्या खुणेवर, एक आठव्या खुणेवर, तरी पट्टी एकाच बाजूला. मुलं म्हणाली, ‘बाई, कॉम्प्युटर खोटं बोलतो.’ मीही गोंधळले. मधल्या सुट्टीत ती पोरं नाणी घेऊन शेजारच्या किराणा दुकानात गेली, काट्यावर सारख्या संख्येच्या जुन्या आणि नव्या नाण्यांचे ढीग घातले आणि धावत परत आली: रुपया तोच, वजन वेगळं. तेव्हापासून नाणी मीच नेते, एकाच वर्षाची, डब्यात मोजून. एक गट मात्र दरवर्षी मुद्दाम मिसळलेली नाणी देऊन बसवते आणि काही सांगत नाही.