कारखाना गेला, कॉम्प्लेक्स आलं. आता पायवाट कशी वाचवायची

सड्यावरचा, म्हणजे वाडीच्या वरच्या कातळमाळावरचा, कारखाना बंद पडतो, काही वर्षं तिथे रान माजतं, मग एक दिवस चारी बाजूंनी पत्रे लागतात आणि बोर्ड येतो. खाली दुकानं, मध्ये दवाखाने आणि ऑफिसं, वर टू-बीएचके. बोर्डावरच्या चित्रात ऐसपैस फूटपाथ असतो आणि त्यावरून एक बाई कुत्रं घेऊन फिरत असते. त्या फूटपाथच्या नादी लागू नका, तो कॉम्प्लेक्सच्या तोंडापुरताच असतो. खाली वाडीत राहणाऱ्यांनी एवढंच बघायचं, की उद्या शाळेत, एसटीच्या थांब्यावर आणि याच नव्या दुकानांत पायी जायचं ते कुठून.

सरकारी कचेरीत आरेखक म्हणून नोकरी केली, दुसऱ्यांचे रस्ते कागदावर ओढले. निवृत्त झाल्यावर रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या वाडीच्या वाटेमागे लागले. त्यातून जे कळलं ते इथे मांडते.

सगळ्यात आधी जुन्या वाटा शोधा, आणि तेही कंपाउंडची भिंत उभी राहायच्या आत. कारखान्याची पाळी सुटली की निम्मे कामगार मोठ्या रस्त्याने जातच नसत. गडग्याला (दगडी कुंपणाला) कुठेतरी बेडं, म्हणजे आत-बाहेर करायची फट असे, तिथून पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट धरली की थेट घर. रस्त्याने वीस मिनिटं लागतील तिथे पाखाडीने पाच. या वाटा कुठल्याही बिल्डरच्या नकाशावर नसतात. जुन्या कामगारांना विचारा. त्याहून चांगलं म्हणजे पाटी घेऊन फिरणाऱ्या मासेवालीला विचारा, तिला आडवाटा तोंडपाठ असतात. मग भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढा. त्यात पायवाट तुटक रेषेने दाखवलेली असते, गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने. तुमची वाट त्यात सापडली तर अर्धी लढाई तिथेच संपते.

नकाशात नसली तरी हातपाय गाळू नका. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यानुसार खाजगी जमिनीवरची वाट 20 वर्षं उघडपणे, हक्काने आणि अखंड वापरात असेल तर जाण्या-येण्याचा हक्क सांगता येतो. सरकारी जमिनीसाठी हीच मुदत 30 वर्षं. इथे एक खाचखळगा आहे. मालकाच्या परवानगीने वापरलेल्या वाटेवर असा हक्क लागत नाही. म्हणून बिल्डरला पत्र लिहिताना ‘आपण आजवर कृपापूर्वक जाऊ दिलेत’ असला गोडवा घालू नका. आपल्याकडे अर्ज म्हटला की पहिल्याच ओळीत माणूस वाकतो, ती सवय इथे नडते. आणि वाट अडवली गेली तर गप्प बसून दिवस काढू नका. दोन वर्षांच्या आत दावा न केल्यास हा आधार हातचा जातो. वकिलाकडे जाताना जुन्या कामगारांची प्रतिज्ञापत्रं, फोटो आणि नकाशा घेऊन जा.

दुसरं काम मंजूर नकाशा बघण्याचं. आधी हद्द कोणाची ते ठरवा. लोटे, खेर्डी, मिरजोळे अशा औद्योगिक वसाहतींच्या आत नियोजन प्राधिकरण एमआयडीसी असतं. त्याबाहेर शहरात नगरपरिषद किंवा नगरपंचायत. आणि समोरचा रस्ता भलत्याचाच असू शकतो: सार्वजनिक बांधकाम विभागाचा, किंवा 66 नाहीतर 166 क्रमांकाच्या महामार्गाचा. अर्ज चुकीच्या टेबलावर गेला तर सहा महिने तिथेच मुरतो.

नकाशा मागायला माहिती अधिकाराचा अर्ज करा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. 30 दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर 20 रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील. नक्कल मागण्याऐवजी ‘अभिलेखाचे अवलोकन’ मागा, असा माझा सल्ला. मोठ्या नकाशाची झेरॉक्स फिकट येते आणि नेमकी पातळीचीच आकडेवारी वाचता येत नाही. टेबलावर मूळ नकाशा पसरून बघितला की सगळं दिसतं. पहिल्या तासाला शुल्क नसतं.

बघताना फ्लॅटचे आराखडे उलटून टाका, ते आपल्या कामाचे नाहीत. कडेने नजर फिरवा. गाड्यांचं गेट कुठे आहे? तळघराचा उतार रस्त्यावर कुठे उतरतो? भराव किती फूट टाकणार? सड्यावर दहा फुटांचा भराव म्हणजे वाडीच्या डोक्यावर दहा फुटांची भिंत, आणि पाखाडी त्या भिंतीपाशी खलास. मधून जाणारा पऱ्या (पावसाळी ओहोळ) दाखवलाय की पुसलाय? मोठ्या भूखंडात 10 टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. ती बहुधा मागच्या कोपऱ्यात ढकललेली असते, म्हणजे वाडीच्याच अंगाला. पाखाडी तिच्या कडेने नेता येते, बिल्डरचा एक चौरस फूटही विकायचा कमी होत नाही. हे मी स्वतः ओढून दाखवलं तेव्हा समोरच्या आर्किटेक्टचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला.

आता मोजणी. ती मे महिन्यात करू नका, मे महिन्यात कुठलाही रस्ता चांगलाच दिसतो. जुलैत, संततधार लागली असताना, शाळा सुटायच्या वेळी जा. छत्री, पंधरा मीटरचा टेप, मोबाइल आणि एक धट्टीकट्टी भाची बरोबर असू द्या.

रस्त्यांचे मानदंड ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या आयआरसी-103 या मार्गदर्शिकेत फूटपाथची चालण्याजोगी रुंदी किमान 1.8 मीटर सांगितली आहे, दुकानांच्या भागात 2.5. ‘चालण्याजोगी’ हा शब्द धरून ठेवा. महावितरणचा खांब, विजेची डीपी पेटी, झाड, दुकानदाराचा फ्लेक्स हे सगळं वजा करून जे उरतं ते मोजायचं. आकडा कोणाला समजावायचा तर दोघींनी छत्र्या उघडून समोरासमोर चालावं. एकीला गटारावर उतरावं लागलं तर फोटो काढा. आमच्या अर्जातलं एवढं एकच पान साहेबांनी नीट बघितलं.

कडेचा दगड रस्त्यापासून 15 सेंटिमीटरपेक्षा उंच नको. उताराचं प्रमाण एकास बारा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. गवंड्याकडची पाण्याची लेव्हल पाईप मागून घ्या, खरा उतार दोन मिनिटांत कळतो. पाखाडीच्या पायऱ्या व्हीलचेअरला चालत नाहीत हे मान्य करा आणि मुख्य रस्त्याकडून वेगळा उतार मागा, दोन्ही लागतात.

सगळ्यात जास्त भांडा ते गेटपाशी. दर गेटला फूटपाथ खाली उतरवायचा आणि पुन्हा चढवायचा ही पद्धत गाड्यांसाठी आहे. फूटपाथ त्याच पातळीवर सलग राहावा आणि गाडीने चढून यावं. यामुळे गाडीचा वेगही मरतो आणि उतरत्या खळग्यात पाणीही साचत नाही.

पाणी हा तर आपल्याकडचा निम्मा विषय. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आणि काँक्रीट झालेल्या सड्यावरून तो सगळा खाली येणार. छपरांचे पाईप फूटपाथवर सोडलेत का, भिंतीतली भोकं वाटेवर धार धरतात का, याचा व्हिडिओ काढा. गटाराच्या जाळीच्या पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात, नाहीतर म्हाताऱ्यांची काठी आत जाते. दुकानांपुढे गुळगुळीत फरशी नकोच, आणि पेव्हर ब्लॉकवरही शेवाळ धरतंच. खडबडीत काँक्रीट किंवा टाचून घेतलेला जांभा बरा. दिवे कुठे लावलेत तेही बघा. आमच्याकडे सगळे दिवे गाड्यांच्या रस्त्यावर आणि पाखाडीवर अंधार, असा आराखडा होता.

कागद कितीही पक्के असले तरी माणसं लागतात, आणि फूटपाथ या विषयावर दहा माणसं जमत नाहीत. म्हणून शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी कुठून जाते आणि विसर्जनाला गणपती डोक्यावरून कुठल्या पाखाडीने उतरतात ते नकाशावर लाल पेन्सिलीने ओढा. आमच्या बैठकीला आधी चार बायका यायच्या. पालखीची वाट भिंतीत जातेय म्हटल्यावर मुंबईकर चाकरमानीसुद्धा फोनवर आले, आणि एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन भावक्या एका सतरंजीवर बसल्या. हा मुद्दा शेवटी नव्हे, पहिल्याच बैठकीत काढा.

निवेदन एका पानाचं ठेवा. मागण्या तीन, सोबत आकडे लिहिलेला एक रेखाटलेला नकाशा आणि फोटो. फूटपाथवर चालण्याचा हक्क घटनेच्या कलम 21 मध्ये येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये म्हटलं आहे. ते एका ओळीत लिहा, भाषण नको. प्रत भूखंडाच्या मालकाला, प्राधिकरणाला, रस्ता ज्याचा त्या विभागाला. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायची परवानगी, मिळण्याआधी बिल्डर ऐकतो, मिळाल्यावर त्याचा फोन लागत नाही. सरकारी खर्चाचं काम असेल तर डिसेंबर-जानेवारीत मागा, फेब्रुवारीत अंदाजपत्रक ठरून जातं.

वाट ठेवायचं तोंडी कबूल झालं तर ते मंजूर नकाशावर ‘सार्वजनिक पायवाट’ म्हणून रुंदीसकट लिहून घ्या. गेट असेल तर त्याला रात्री कुलूप लागणार नाही हेही. सोसायटी स्थापन झाली की नवा वॉचमन येतो आणि पहिल्याच दिवशी विचारतो, ‘काकी, कुठे निघालात?’ त्या पानाची प्रत आम्ही लॅमिनेट करून पाखाडीच्या तोंडाशी असलेल्या चहाच्या टपरीवर ठेवली आहे. टपरीवाला ती दाखवतो आणि वॉचमनला अर्धा कप चहाही देतो.