चांदीचा जुना रुपया ग्रेडिंगला पाठवताना या चुका टाळा

आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या ताटातला राणीछाप किंवा राजाछाप रुपया दिवाळीआधी चिंच, लिंबू किंवा पितांबरीने घासून लखलखीत करण्याची रीत आहे. पूजेसाठी ते योग्यच आहे, परंतु तोच रुपया ग्रेडिंगला, म्हणजे अस्सलपणा आणि स्थिती तपासून श्रेणी देणाऱ्या संस्थेकडे, पाठवायचा असेल, तर याहून मोठी चूक दुसरी नाही. टाकसाळीत ठसा पडताना दाबाखाली धातू मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. नाणे दिव्याखाली तिरपे फिरवले की चाकाच्या आऱ्यांसारखी फिरणारी जी झळाळी दिसते, ती या रेषांमुळे असते. घासल्याने त्या पुसल्या जातात आणि त्यांच्या जागी एका दिशेने गेलेले बारीक ओरखडे उरतात, जे भिंगाखाली तत्काळ ओळखू येतात. सराफाकडील द्रावणात बुडवल्याने ओरखडे येत नसले, तरी चांदीचा वरचा थर निघून जातो.

एनजीसी आणि पीसीजीएस या अमेरिकेतील दोन प्रमुख संस्था १ ते ७० या शेल्डन मापनावर श्रेणी देतात आणि न वापरलेल्या नाण्यांची श्रेणी ६० पासून सुरू होते. घासलेल्या नाण्याला मात्र सहसा अंक मिळत नाही. ते अस्सल असल्याचे मान्य करून लेबलवर ‘डिटेल्स’ असा शेरा मारला जातो. माळेत ओवण्यासाठी कडी डाखलेल्या आणि नंतर ती काढलेल्या रुपयांचेही हेच होते. असा शेरा आल्यावर स्लॅब, म्हणजे संस्थेने नाणे सीलबंद करून दिलेली प्लॅस्टिकची डबी, फोडून तेच नाणे पुन्हा पाठवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यात शुल्क वाया जाते, कारण गेलेला पृष्ठभाग परत येत नाही. काळपट किंवा निळसर झाक हा दोष नसून हवेतील गंधकामुळे चांदीवर आलेला थर असतो, त्यामुळे तो तसाच राहू द्यावा.

हिरवट, चिकट डाग मात्र वेगळी गोष्ट आहे. मऊ पीव्हीसीच्या पाकिटातून पाझरणारे द्रव्य नाण्यावर साचते आणि हळूहळू धातूला खाते. तो थर शुद्ध ॲसिटोनमध्ये विरघळतो. काचेच्या भांड्यात, खेळत्या हवेत, आगीपासून दूर, नाणे न चोळता बुडवून ठेवावे. नखांचा रंग काढण्याचे द्रव वापरू नये, कारण त्यात सुगंध आणि तेल मिसळलेले असते.

दुसरी गंभीर चूक कायद्याची आहे. पुरावस्तू व कलामूल्य वस्तू अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुने नाणे पुरावस्तू ठरते आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा कोणताही रुपया, किंवा राजाच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून गाजलेला १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया, परदेशी ग्रेडिंगसाठी कुरिअरने पाठवणे बेकायदा आहे. संग्राहकांना हे कळकळीने सांगावेसे वाटते, कारण ‘सगळेच पाठवतात’ हे उत्तर सीमाशुल्क अधिकाऱ्यासमोर चालत नाही.

सहाव्या जॉर्जचा १९३९ चा दुर्मीळ रुपया या मर्यादेत अजून येत नाही, पण त्याची नक्कल फार होते. पाठवण्याआधी शंभरांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करावे, ९१.७ टक्के चांदीच्या या रुपयाचे प्रमाण वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा आहे. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली असली तरी वजन तेच राहिले, म्हणून एकट्या वजनावर विसंबू नये. सालातील अंक कोरून बदलला आहे का, हे भिंगातून बारकाईने पाहावे. शंका असल्यास आधी जाणकाराला दाखवावे, कारण नाणे बनावट निघाले तरी तपासणीचे शुल्क सहसा परत मिळत नाही.

बांधणीतही हलगर्जीपणा होतो. नाणे ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या पिना ओढून काढताना त्यांचे टोक नाण्यावरून फिरते आणि क्षणात ओरखडा पडतो. पिना आधी पक्कडीने पूर्ण सोडवाव्यात. प्रत्येक नाणे पीव्हीसी नसलेल्या स्वतंत्र पाकिटात ठेवावे आणि अर्जातील क्रमानेच लावावे. नाणे नेहमी कडेने धरावे, खाली मऊ कापड असावे. पाठवण्यापूर्वी दोन्ही बाजूंची आणि कडेची स्पष्ट छायाचित्रे काढावीत. स्लॅब परत आल्यावर त्यांच्याशी नाणे आणि संस्थेच्या संकेतस्थळाशी प्रमाणपत्र क्रमांक ताडून पाहावा.